चोरून छापलेला धर्म

1915 साली पॅरिसमध्ये ‘जर्मन युद्ध आणि कॅथलिक धर्म’ नावाचा ग्रंथ निघाला. संपादक होते पॅरिसच्या कॅथलिक विद्यापीठाचे प्रमुख मॉन्सिन्योर आल्फ्रेद बोद्रियार. त्यांचा खरा रोख परदेशी वाचकांवर होता. 1905 मध्ये फ्रान्सने चर्चशी काडीमोड घेतला होता. त्यामुळे स्पेनसारख्या तटस्थ देशांतल्या अनेक भाविकांना फ्रान्स म्हणजे देव न मानणाऱ्यांचे राज्य वाटे आणि त्यांचा ओढा जर्मनी-ऑस्ट्रियाकडे असे. तो आपल्याकडे वळवायचा, हा बोद्रियार यांच्या प्रचार समितीचा उद्योग. जोडीला तोफांनी फोडलेल्या चर्चांच्या छायाचित्रांचा अल्बमही होता. निम्मे काम बहुधा त्यानेच केले असेल. जळके कॅथेड्रल पाहायला ईश्वरशास्त्र शिकावे लागत नाही.

जर्मन कॅथलिकांनी त्याच वर्षी उलट ग्रंथ काढला. दोन्हींकडे पोप एक, धर्मसिद्धान्त एक. फक्त गुन्हेगार वेगळा. वकिली म्हणून हे लेखन कसलेले आहे, पण स्वतःच्या बाजूला अडचणीत आणणारा प्रश्न विचारणे तिच्या स्वभावातच नाही.

तसा प्रश्न रोममधून आला तेव्हा काय झाले? 1 ऑगस्ट 1917 च्या शांतिपत्रात पोप बेनेडिक्ट पंधरावे यांनी युद्धाला व्यर्थ कत्तल म्हटले. डिसेंबरात पॅरिसच्या मादलेन चर्चमध्ये डॉमिनिकन फादर सर्तियांज यांनी भर प्रवचनात सांगून टाकले की तुमची शांतीची हाक आम्हाला तूर्त ऐकता येणार नाही. राष्ट्र आणि धर्मपीठ यांत निवड करायची वेळ आली, तेव्हा प्रवचनकाराला फारसे अडखळावे लागले नाही.

दुसऱ्या महायुद्धात परवान्याने निघणाऱ्या पत्रांची अवस्था आणखी केविलवाणी झाली. जानेवारी 1942 मध्ये जर्मनव्याप्त हॉलंडमधले कार्मेलाइट फादर टायटस ब्रांड्समा कॅथलिक संपादकांच्या भेटी घेत फिरत होते. बिशपांचा निरोप साधा होता: डच नाझी पक्षाच्या जाहिराती छापू नका. त्याच महिन्यात ब्रांड्समांना अटक झाली आणि जुलैत डाखाऊच्या छळछावणीत त्यांचा जीव घेतला गेला. धार्मिक पत्रकारितेचे अभ्यासक अग्रलेखांवरच खिळून राहतात. जाहिरातींचा रकाना त्यांनी तपासायला हवा.

जर्मनीतल्या म्युन्स्टरचे बिशप फॉन गालेन यांना तर छापखाना लागलाच नाही. नाझींनी चालवलेल्या मनोरुग्णांच्या हत्यांवर तुटून पडणारे 3 ऑगस्ट 1941 चे त्यांचे प्रवचन लोकांनी टाइप करून, हाताने उतरवून एकमेकांना पोचवले. पुढे ब्रिटिश विमानांनी त्यांच्या प्रवचनांची पत्रके जर्मनीवर टाकली, म्हणजे सद्सद्विवेकाचा शब्द शत्रूच्या हाती प्रचारसाहित्य झाला. गालेन स्वतः कडवे देशभक्त होते आणि बोल्शेविकांविरुद्धची लढाई त्यांना मान्य होती. त्यांच्या चाहत्यांना ही बाजू आठवत नाही.

या साऱ्यात लेखनकला म्हणून वरचढ ठरते ते ल्यॉनचे ‘तेम्वान्याज क्रेतियँ’, म्हणजे ‘ख्रिस्ती साक्ष’. जेझुइट फादर पियेर शाये यांनी नोव्हेंबर 1941 मध्ये हे गुप्त पत्र सुरू केले. पहिली पुस्तिका फादर गास्तों फेसार यांची. फ्रान्सने आपला आत्मा गमावू नये, हा इशारा तिच्या शीर्षकातच होता. आरडाओरडा न करता नाझींचेच मजकूर आणि पोपची वचने समोरासमोर ठेवायची, वाचकाच्या हाती पुरावा द्यायचा, ही या पत्राची रीत. नावात आधी ‘कॅथलिक’ हा शब्द होता. प्रोटेस्टंट सोबती आले म्हणून तो ‘ख्रिस्ती’ झाला. मुद्रक युजेन पोंस 1944 मध्ये पकडले गेले आणि नॉयनगामे छळछावणीत मेले.

आणि बोद्रियार? 1935 मध्ये ते कार्डिनल झाले होते. ज्या वर्षी ल्यॉनला ती पुस्तिका चोरून छापली जात होती, त्याच वर्षी पॅरिसमध्ये ते जर्मनांच्या बाजूने रशियात लढायला निघालेल्या फ्रेंच स्वयंसेवकांना आशीर्वाद देत होते. 1915 मधला शत्रू आता धर्माचा राखणदार झाला होता. भाषा मात्र तीच, धर्मयुद्धाची.

फेसार यांनीही युद्ध संपल्यावर आपले जुने शीर्षक पुन्हा वापरले. या वेळी समोर कम्युनिस्ट होते आणि ‘आत्मा’च्या जागी शब्द आला ‘स्वातंत्र्य’.