आवृत्ती आणि आकृतिबंध : नवी मुंबईच्या छायाचित्रांच्या निमित्ताने

नवी मुंबईचे छायाचित्र म्हटले की बहुधा एकाच प्रकारची प्रतिमा समोर येते. एखाद्या बहुमजली इमारतीची दर्शनी बाजू, तीवर खिडक्यांच्या रांगा, प्रत्येक खिडकीखाली तसाच सज्जा आणि तशीच लोखंडी जाळी. वर आकाश नाही, खाली जमीन नाही. आंतरमहाविद्यालयीन छायाचित्रस्पर्धांतून 'पॅटर्न' हा विषय दिला की विद्यार्थी अशाच प्रतिमा घेऊन येतात आणि परीक्षकही त्यांना उदार हस्ते गुण देतात. आवृत्ती हे छायाचित्रकलेचे एक प्रमुख तत्त्व आहे, याविषयी दुमत नाही. परंतु आवृत्ती नेमकी कशाची, हा प्रश्न आपल्याकडील चर्चेत क्वचितच उपस्थित होतो. प्रस्तुत लेखात त्याचा विचार करावयाचा आहे.

मराठी समीक्षेला या प्रश्नाची पार्श्वभूमी अपरिचित नाही. बा. सी. मर्ढेकरांनी 'सौंदर्य आणि साहित्य' (१९५५) या ग्रंथात लयीची संवाद, विरोध आणि समतोल ही तीन तत्त्वे मांडली. समान घटकांच्या पुनरागमनातून संवाद जाणवतो. मात्र केवळ संवादाने कलाकृती उभी राहत नाही, तिला विरोध लागतो. खिडक्यांच्या वरील छायाचित्रात संवाद भरपूर आहे. विरोधाची सोय मात्र ठरावीक रीतीने केली जाते: शंभर बंद खिडक्यांत एक उघडी, किंवा करड्या सज्ज्यांच्या रांगेत वाळत घातलेली एक लाल साडी. ही युक्ती आता इतकी रूढ झाली आहे की विरोधच आकृतिबंधाचा भाग बनला आहे. शिवाय मर्ढेकरांची मांडणी शुद्ध संवेदनांच्या परस्परसंबंधांविषयी आहे. छायाचित्रातील खिडकी मात्र केवळ आयताकृती संवेदना नसते. ती कोणाची तरी खिडकी असते. छायाचित्राला आपल्या विषयापासून चित्राइतके सहज सुटता येत नाही, हे येथे लक्षात घ्यावे लागते.

अशी प्रतिमा घडते कशी, हेही पाहिले पाहिजे. छायाचित्रकार दूर उभा राहून लांब केंद्रांतराच्या भिंगाने इमारतीचा तुकडा टिपतो. खोलीची जाणीव कमी होऊन इमारत सपाट दिसू लागते. चौकटीने चारही कडा कापल्या की मर्यादित रांग अमर्याद भासते. याचा अर्थ असा, की येथील एकसारखेपणा काही अंशी वास्तूचा आणि बऱ्याच अंशी चौकटीचा असतो. आंद्रेआस गुर्स्की या जर्मन छायाचित्रकाराने १९९३ मध्ये पॅरिसच्या मोंपार्नास भागातील एका विस्तीर्ण निवासी इमारतीचे छायाचित्र केले. त्यात दोन्ही बाजू कापल्या असल्या तरी वर आकाश आणि खाली जमीन आहे. मूळ प्रत कित्येक फूट रुंद असल्याने जवळ गेल्यावर प्रत्येक खिडकीतील पडदे आणि सामान वेगवेगळे दिसते. पुस्तकाच्या पानावर तेच छायाचित्र निव्वळ नक्षी होते. आपले विद्यार्थी ते बहुधा पानावर किंवा पडद्यावरच पाहतात, आणि अनुकरणही त्या नक्षीचेच करतात.

नवी मुंबईपुरते पाहिले, तर या विचाराची खरी कसोटी बेलापूरच्या 'आर्टिस्ट व्हिलेज'मध्ये लागते. सिडकोची स्थापना १९७० मध्ये झाली. नव्या शहराची कल्पना मांडणाऱ्या तिघांपैकी एक असलेले चार्ल्स कोरिया (शिरीष पटेल आणि प्रवीणा मेहता हे अन्य दोघे) यांनी १९८०च्या दशकाच्या मध्यात ही वसाहत रचली. तिची रचनाच आवृत्तीवर आधारलेली आहे. सुमारे आठ मीटर लांबरुंद चौकाभोवती सात घरे. असे तीन गट मिळून एकवीस घरांचा मोठा समूह आणि त्याला आणखी मोठा चौक. मग त्या समूहांची पुन्हा जुळणी. भूखंड सुमारे ४५ ते ७५ चौरस मीटरांचे, म्हणजे लहान-मोठ्या उत्पन्नगटांत जागेचा फरक बेताचाच. शेजाऱ्यांच्या भिंती सामाईक ठेवल्या नाहीत. कुटुंब वाढेल, पैसा येईल, तसे प्रत्येकाला आपले घर स्वतंत्रपणे वाढवता यावे, हा हेतू त्यामागे होता. कोरियांनी एकसारखेपणा दिला तो पुढे बदलता यावा म्हणून.

वास्तुकलेच्या पुस्तकांतून या वसाहतीची जी प्रतिमा रूढ झाली, ती मात्र पहिल्या काही वर्षांची: उतरत्या कौलारू छपरांमागून छपरे, मागे डोंगर. छायाचित्र म्हणून ती मोहक आहे, पण रचनेचा आशय तिच्यात मावत नाही. आज तेथे अनेक मूळ घरांच्या जागी काँक्रीटची दुमजली-तिमजली घरे उभी आहेत. कोठे मूळ भिंतीवर नवा मजला चढला आहे, तर काही कौले अद्याप टिकून आहेत. पाहणारे कित्येकजण 'रचना बिघडली' असे म्हणतात. प्रस्तुत लेखकास ते मान्य नाही. आकृतिबंध बिघडला आहे. रचना तर अपेक्षित तेच करीत आहे. मर्ढेकरांच्या परिभाषेत बोलायचे तर संवाद नकाशाने पुरवला आणि विरोध रहिवाशांनी. तो टिपण्यास एक छायाचित्र पुरेसे नाही.

येथे बर्न्ड आणि हिला बेखर या जर्मन दांपत्याची पद्धत उपयोगी पडते. १९५९ पासून त्यांनी पाण्याच्या टाक्या, झोतभट्ट्या, खाणींवरील मनोरे यांची छायाचित्रे घेतली: समोरून, ढगाळ प्रकाशात, कृष्णधवल. मग एकाच जातीच्या वास्तूंची छायाचित्रे ओळीने मांडली. येथे आवृत्ती एका चित्राच्या आत नाही. ती पाहण्याच्या रीतीत आहे, आणि रीत स्थिर असल्यामुळेच वस्तूंमधील भेद उठून दिसतात.

अर्थात ही रीतही निर्दोष नव्हे. याच मुंबईत विल्यम जॉन्सनने १८६३ आणि १८६६ मध्ये येथील जातीजमातींच्या छायाचित्रांचे दोन खंड प्रसिद्ध केले. माणसांची छायाचित्रे वेगळी घेऊन ती दुसऱ्याच दृश्यांच्या पार्श्वभूमीवर जोडण्यात आली. एकामागून एक पान उलटताना व्यक्ती नाहीशी होते आणि जातीचा नमुना उरतो. टाकीला नमुना म्हणून उभे केल्याने तिचे काही जात नाही, माणसाचे जाते. घर या दोहोंच्या मध्ये कोठेतरी येते. सिडकोच्या आखणीत सापडलेल्या पंचाण्णव गावांची गावठाणे तर कोणत्याच आकृतिबंधात बसत नाहीत, आणि म्हणूनच बहुधा 'पॅटर्न' शोधणाऱ्या कॅमेऱ्याची वाट तिकडे वळत नाही.

बेलापूरला बेखर पद्धतीने मालिका करावयाची झाल्यास प्रकाशाची अडचण नाही. आषाढ-श्रावणात तसे ढगाळ आकाश कोकणपट्टीत उदंड मिळते, पाऊस तेवढा उघडायला हवा. अडचण अंतराची आहे. घरांमधील वाटा अरुंद असल्याने मागे सरकायला जागा मिळत नाही. घर पुरेसे चौकटीत घ्यायचे तर चौकातच उभे राहावे लागते. मात्र तेथे एकाच बिंदूवर उभे राहून स्वतःभोवती वळत गेल्यास सातही घरे जवळपास सारख्या अंतरावरून टिपता येतात. दृष्टिकोनाची आवृत्ती कोरियांच्या नकाशातच अंतर्भूत आहे. आणि तो चौक सात घरांचा असल्याने, तेथे कॅमेरा घेऊन उभ्या राहिलेल्या परक्या माणसाला कोणत्या ना कोणत्या दारातून 'कोण पाहिजे?' असे विचारले जाणारच.