न ऐकलेल्या आवाजाचे चरित्र

सिसिरेटा जोन्स या गायिकेचे एकही ध्वनिमुद्रण आज उपलब्ध नाही. चरित्रे मात्र आहेत. विला डॉट्री यांचा सिराक्यूज विद्यापीठातला १९६८चा प्रबंध आणि त्यांचेच २००२चे पुस्तक हे पायाभूत काम. मॉरीन ली यांचे २०१२चे चरित्र तपशिलांनी भरगच्च. अमेरिकेत असे पुस्तक निघाले की लेखकाने गावोगावच्या सार्वजनिक ग्रंथालयांत जाऊन तासभर बोलायचे, ही रीत आहे. ऑपेरा-गायिकेच्या चरित्रकाराला तिथे एक हमखास सोय असते : शब्द अपुरे पडले की ध्वनिमुद्रण लावावे. जोन्सच्या चरित्रकाराला ती सोय नाही. त्यामुळे पुस्तकात झाकून जाणारे प्रश्न व्याख्यानात उघडे पडतात.

पहिला प्रश्न नावाचाच. १८६८मध्ये व्हर्जिनियातल्या पोर्ट्समथला जन्मलेल्या या कृष्णवर्णीय गायिकेला वर्तमानपत्रांनी 'ब्लॅक पॅटी' करून टाकले. पॅटी म्हणजे अडेलिना पॅटी, त्या काळची सर्वांत गाजलेली सोप्रानो. हे उसने नाव जोन्सला आवडत नव्हते. डॉट्री यांच्या पुस्तकाच्या उपशीर्षकात ते आहे. ली आधी तिचे स्वतःचे नाव देतात, पण पुढे 'तिच्या वंशातील सर्वश्रेष्ठ गायिका' ही जुन्या जाहिरातीतली पदवी जोडतातच. श्रोते जमवायचे तर हे टाळणे अवघड, हे मान्य. तरी चरित्रनायिकेची ओळख तिच्या व्यवस्थापकांच्या शब्दांत करून द्यावी लागते, ही खंत उरते. खऱ्या पॅटीने वयाच्या साठीनंतर, १९०५मध्ये, ध्वनिमुद्रणे केली. ती आजही ऐकता येतात.

दुसरा प्रश्न अधिक बोचरा. जोन्सला 'ऑपेरा-गायिका' म्हणावे का? १८९२ या एका वर्षात ती व्हाइट हाउसमध्ये गायली, मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये गायली, कार्नेगी हॉलच्या वास्तूतही गायली. पण ऑपेरागृहांनी तिला पूर्ण भूमिका दिली नाही. न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन ऑपेरात पहिली कृष्णवर्णीय गायिका, मेरिअन अँडरसन, उभी राहिली ती १९५५मध्ये. १८९६पासून जोन्स 'ब्लॅक पॅटी ट्रूबाडूर्स' या फिरत्या कंपनीची मुख्य गायिका होती. सुरुवातीला प्रहसन, मध्ये विविध करमणूक आणि शेवटी ऑपेरांतले वेचे, असा तो खेळ. पहिल्या हंगामातल्या प्रहसनाच्या नावातच कृष्णवर्णीयांसाठीची शिवी होती. जोन्स विनोदी भागात नसे. ती यायची शेवटच्या भागात. नुसते 'ऑपेरा-गायिका' म्हटले की ही सगळी तडजोड पुसली जाते आणि नाकारणारी ऑपेरागृहेही सुटतात. नुसती 'करमणूक करणारी' म्हटले तर तिचा आवाज पुसला जातो. ली यांचा कल माहिती देऊन निर्णय वाचकावर सोडण्याकडे आहे. माझ्या मते इथे चरित्रकाराने स्पष्ट बोलायला हवे होते.

ली यांचे बळ दौऱ्यांच्या मागोव्यात आहे : गाव, तारीख, प्रयोग, अभिप्राय. वाचताना कधी कधी रेल्वेचे वेळापत्रक हाती आल्यासारखे वाटते. ग्रंथालयात मात्र हाच तपशील जिवंत होतो, कारण त्या गावचे जुने वर्तमानपत्र बहुधा तिथेच जपलेले असते आणि वक्ता गावाला त्याचीच एक संध्याकाळ परत देऊ शकतो. उणीवही याच साधनांतून येते. गायिका दिसते ती प्रामुख्याने वर्तमानपत्रांच्या नजरेने. १९१५मध्ये कंपनी मोडल्यावर ती प्रॉव्हिडन्सला परतली, आईची सेवा केली, मिळालेली पदके विकली आणि १९३३मध्ये विपन्नावस्थेत वारली. थडग्यावर शिळा बसली २०१८मध्ये. वर्तमानपत्रे गप्प झाली की चरित्रही विरळ होते.

आपल्याकडे भाऊराव कोल्हटकर १९०१मध्ये गेले. हिंदुस्थानात व्यापारी ध्वनिमुद्रण सुरू झाले त्यानंतरच्या वर्षी. त्यांचा आवाजही आपल्याकडे शब्दांतूनच आला आहे. पण ते शब्द त्यांच्यावर लुब्ध असलेल्यांचे होते. जोन्सविषयीचे बरेचसे शब्द गोऱ्या बातमीदारांचे, तिच्या गाण्याआधी तिच्या वर्णाची छटा नोंदवणारे. ते अभिप्राय आज मोठ्याने वाचून दाखवायचे, तर दक्षिणेकडच्या थिएटरांत कृष्णवर्णीय प्रेक्षक वरच्या सज्जात बसवले जात, हेही त्याच दमात सांगायला हवे. ग्रंथालयांचा इतिहासही वेगळा नाही. जोन्सच्या जन्मगावी, पोर्ट्समथला, कृष्णवर्णीय वाचकांसाठीचे ग्रंथालय १९६३पर्यंत वेगळे होते. त्या छोट्या इमारतीत आता संग्रहालय आहे.