न ओळखलेला नवरा

अगाथा ख्रिस्ती ह्यांच्या ‘मर्डर इन मेसोपोटेमिया’ (१९३६) ह्या कादंबरीवर एक आक्षेप नेहमी घेतला जातो, आणि तो खोडून काढण्याजोगा नाही. इराकमधील एका उत्खननाचे प्रमुख डॉ. लाइडनर हे अखेर आपल्याच पत्नीचे, लुईझचे, पहिले पती निघतात. पहिल्या महायुद्धात तिने ह्या नवऱ्याला जर्मनांचा हेर म्हणून पकडून दिलेले. पुढे आगगाडीच्या अपघातात तो मेला असे सर्वांनी धरलेले. तोच माणूस त्या अपघातात मेलेल्या एका पुराणवस्तुसंशोधकाचे नाव घेतो, कितीतरी वर्षांनी तिच्याशी पुन्हा लग्न करतो, आणि तिला काही कळत नाही! आवाज, चालण्याची ढब, हाताचा स्पर्श, ह्यांतले काहीच ओळखीचे वाटू नये? रहस्यकथेला पुष्कळ माफ असते, इतके नसावे.

पण ह्या आक्षेपापाशीच थांबणारा वाचक मिस जॉन्सनला मुकतो.

लेखिकेची आणि मॅक्स मॅलोवन ह्यांची गाठ पडली ती ऊरच्या उत्खननावर. १९३० साली त्यांनी लग्न केले. त्यामुळे खापऱ्या धुणे, जुळवणे, नोंदी ठेवणे ही कामे येथे नुसती शोभेला आलेली नाहीत. खुनाचे साधनही त्या घरात शोभणारेच : जात्याचा जड दगड. गच्चीवर खापऱ्या निवडीत असलेला लाइडनर, खिडकीतून डोके बाहेर काढणाऱ्या लुईझवर तो वरून सोडतो. मिस जॉन्सन ही त्याची जुनी सहकारी. मुकाट्याने त्याच्यावर जीव लावून असलेली. तीही एकदा त्या गच्चीवर उभी राहते आणि तिला सारे उमगते. नर्स लेदरन खोदून खोदून विचारते, पण आधी विचार करायला हवा म्हणून ती टाळते. पुढे पाण्याच्या जागी ठेवलेले आम्ल पिऊन ती मरते; मरताना ती खिडकीविषयी बोलते, त्याचे नाव घेत नाही.

बायकोला जे ओळखता आले नाही, ते जिचा त्याच्यावर कसलाच हक्क नव्हता तिने ओळखले. कादंबरीतली खरी प्रेमकथा ही, आणि लेखिकेने ती ओझरती उरकली आहे. निवेदन करणारी नर्स मोठी कामसू आणि सरळ बाई. दुसऱ्याच्या मनात शिरण्याचे तिला वावडेच. म्हणून मिस जॉन्सनने सत्य उराशी धरून काढलेले ते तास बंद दाराआडच राहतात. पॉयरोच्या त्या लांबलचक उलगड्यातली चार पाने ह्या तासांना द्यायला हवी होती.