नमुना बसवला, पण कसा?

क्ष-किरणांनी खनिजे ओळखण्याविषयी आपल्याकडे लिहिले जाते तेव्हा ब्रॅग यांचा १९१३ सालचा नियम आकृतीसह येतो. नमुन्याची बोळवण मात्र, चूर्ण यंत्रात ठेवले, एवढ्यावर होते. आमची तक्रार या तीन शब्दांविषयी आहे.

पैठणजवळची गोदाकाठची काळी माती घ्या. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, पावसात ती फुगते. हा गुण तिच्यातील स्मेक्टाइट या चिकणखनिजाचा. त्याच्या पापुद्र्यांमध्ये पाण्याचे दोन थर असले, तर पापुद्र्यांतील अंतर सुमारे १५ अँगस्ट्रॉम भरते. एकच थर असला, तर साडेबारा. तांब्याच्या क्ष-किरणांत (तरंगलांबी १.५४ अँगस्ट्रॉम) आलेखाचे शिखर पहिल्या वेळी ५.९ अंशांवर, दुसऱ्या वेळी ७.१ अंशांवर येते. म्हणजे तीच माती मे महिन्यात एक आलेख देईल आणि ऑगस्टात दुसरा! त्यात क्लोराइट या खनिजाचे शिखर याच दोहोंच्या मध्ये, ६.३ अंशांवर. म्हणून नमुन्याला ग्लायकॉलची वाफ द्यावी लागते. स्मेक्टाइट १७ अँगस्ट्रॉमपर्यंत फुगते, क्लोराइट जागचे हलत नाही.

चूर्ण साच्याच्या काठाहून ०.१ मिलिमीटर वर राहिले, तरी नेहमीच्या यंत्रात शिखर सुमारे ०.०६ अंश पुढे सरकते. इतक्या लहान कोनाशी अंतरात एक टक्का चूक होते. मातीत क्वार्ट्झ असेल, तर त्याचे २६.६ अंशांवरचे शिखर जागेवर आहे का, हे आधी पाहावे.

सर्वांत खटकते ती टक्केवारी. काचपट्टीने चूर्ण दाबून गुळगुळीत केले की पापुद्रे पत्त्यांसारखे आडवे पडतात आणि एकच शिखर भलतेच उंच होते. त्या उंचीवरून स्मेक्टाइटचे प्रमाण सांगणारे प्रकल्प-अहवाल आम्ही बरेच पाहिले आहेत. प्रमाण काढायचे, तर साचा बाजूने किंवा मागून, न दाबता भरावा. नुसती ओळख पटवायची असेल, तर उलट गढूळ पाणी काचेवर निवळू देऊन पापुद्रे मुद्दाम आडवे पाडतात. कोणती रीत वापरली, हे अहवालात लिहिलेलेच नसते.

बर्नाल आणि डोरोथी क्रोफूट यांनी १९३४ मध्ये पेप्सिनच्या स्फटिकांची चित्रे मिळवली, ही गोष्टही क्ष-किरणांचा विजय म्हणून सांगितली जाते. स्फटिक वाळले की चित्र बिघडत होते. ते ज्या द्रवात वाढले त्याच द्रवासह काचेच्या बारीक नळीत बंद केल्यावर ठिपके स्पष्ट उमटले. यंत्र तेच होते.