निरोपाचा प्रयोग आणि रसविघ्न

आवडत्या नर्तकीचा अखेरचा प्रयोग पाहावयास जाणारा प्रेक्षक रसास्वादाच्या दृष्टीने काहीसा अपात्रच असतो, हे विधान प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटेल. परंतु अभिनवगुप्ताने जी सात रसविघ्ने सांगितली आहेत, त्यांपैकी ‘निजसुखादिविवशीभाव’ हे विघ्न अशा वेळी प्रेक्षागृहात आधीच येऊन बसलेले असते. प्रेक्षकाचे दुःख पात्राविषयी नसते. ही व्यक्ती यापुढे येथे दिसावयाची नाही, या जाणिवेचे ते दुःख असते. ते खरे असते, पण तो करुणरस नव्हे.

८ जून २००७ रोजी लंडनच्या रॉयल ऑपेरा हाउसमध्ये डार्सी बसेल यांनी वयाच्या ३८ व्या वर्षी रॉयल बॅलेचा निरोप घेतला. बीबीसीने दूरचित्रवाणीवरून दाखविल्यामुळे हा प्रयोग दूरच्या प्रेक्षकांपर्यंतही पोहोचला. अशा प्रसंगी मरणात संपणारी एखादी कथाप्रधान भूमिका निवडण्याकडे पुष्कळदा कल असतो. त्याच महिन्यात न्यूयॉर्क येथे आलेस्सांद्रा फेरी यांनी केनेथ मॅकमिलन यांच्या ‘रोमिओ अँड ज्युलिएट’मधून अमेरिकन बॅले थिएटरचा निरोप घेतला. अशा निवडीत एक सोय आहे : नर्तकीसाठी ढाळलेले अश्रू ज्युलिएटच्या नावावर खपून जातात. (२०१६ साली फेरी त्याच संस्थेत पुन्हा ज्युलिएट म्हणून उभ्या राहिल्या, हा भाग निराळा.)

बसेल यांची निवडही मॅकमिलन यांचीच कृती होती. मात्र ती ‘साँग ऑफ द अर्थ’. मालरचे संगीत बॅलेस योग्य नाही, अशी कॉव्हेंट गार्डनच्या चालकांची समजूत असल्याने ही कृती १९६५ साली प्रथम श्टुटगार्टला रंगभूमीवर आली व रॉयल बॅलेने ती पुढील वर्षी स्वीकारली. हिच्यात कथानक नाही, पात्रांना नावे नाहीत. एक स्त्री, एक पुरुष आणि अर्धा मुखवटा धारण केलेला मृत्यूचा दूत. सुमारे अर्धा तास चालणाऱ्या शेवटच्या गीताचे शीर्षकच ‘निरोप’ असे आहे. हा योग कोणाच्याही ध्यानात येईल. प्रस्तुत लेखकास त्याचे फारसे महत्त्व वाटत नाही.

महत्त्व आहे ते दुसऱ्याच गोष्टीला. या नृत्यात जातो तो पुरुष. स्त्री मागे राहते. म्हणजे निरोप घेणाऱ्या नर्तकीच्या वाट्याला जाणाऱ्याची नव्हे, तर उरणाऱ्याची भूमिका आलेली आहे. त्या रात्री प्रेक्षकांची जी अवस्था, तीच बसेल रंगमंचावर साकार करीत होत्या. मॅकमिलन यांनी १९८९ साली ‘द प्रिन्स ऑफ द पॅगोडाज’मध्ये वीस वर्षांच्या बसेल यांच्यासाठी नृत्यरचना केली, तेव्हा त्यांची उंची आणि झेप हा कौतुकाचा विषय होता. येथे तीच उंच देहयष्टी पावलांच्या टोकांवर, अगदी लहान पदन्यासांनी, रित्या रंगमंचावर एकटीच फिरते. मग पुरुष परततो, पण आता त्याच्याही मुखावर मुखवटा आहे. तिघे मिळून संथपणे पुढे येऊ लागतात, गायिका अखेरचा एकच शब्द पुनःपुन्हा उच्चारीत राहते आणि ही गती थांबण्यापूर्वीच पडदा पडतो.

निजदुःखाने विवश झालेल्या प्रेक्षकासाठी अभिनवगुप्ताने गीतवाद्यादींचा उपाय सांगितला आहे. येथे तो उपाय तर आहेच. शिवाय प्रेक्षकाचे दुःखच त्याच्याकडून काढून घेऊन एका अनामिक स्त्रीच्या ठायी ठेवलेले आहे. साधारणीकरण याहून वेगळे काय असते? आणि हा अर्थ बसेल यांच्या चरित्रातून नृत्यात शिरलेला नाही, कारण ही भूमिका मूळ रचली गेली ती मार्सिया हायडी यांच्यासाठी. पडद्यानंतर फुले आली, अश्रूही आले. ते लौकिक होत. त्यांविषयी तक्रार करण्याचे कारण नाही.