शिकण्याचे चार वर्ण

गेल्या काही वर्षांत शिक्षकांच्या प्रशिक्षणवर्गांतून एक विचार मोठ्या श्रद्धेने सांगितला जातो. प्रत्येक विद्यार्थ्याची शिकण्याची एक शैली असते. कुणी पाहून शिकतो, कुणी ऐकून, कुणी वाचून-लिहून, तर कुणी हाताने करून. शिक्षकाने ही शैली ओळखावी आणि त्याप्रमाणे शिकवावे. वरवर पाहता हा विचार विद्यार्थ्याच्या बाजूचा वाटतो. म्हणूनच आपण तो तपासून घेतला पाहिजे.

अशाच एका वर्गात मी बसलो होतो. विद्यार्थ्यांकडून भरून आणायच्या प्रश्नावल्या आमच्या हाती दिल्या गेल्या. तज्ज्ञ म्हणाले, कष्टकरी वस्तीतील मुले बहुधा 'कृतीतून शिकणारी' असतात, त्यांच्यावर पुस्तकाचा भार टाकू नये. सभागृहाने मान डोलावली. मला मात्र माझी प्राथमिक शाळा आठवली. "याचा हात चालतो, डोके नाही," असे गुरुजी माझ्याविषयी म्हणत आणि वाचनाच्या तासाला मला हौदात पाणी भरायला पाठवीत. आमच्या घरातील पहिला पदवीधर मी. गुरुजींचे ते निदान मी मानले असते, तर आज हे लिहायला मी उरलो नसतो.

या चार प्रकारांची प्रसिद्ध मांडणी न्यूझीलंडचे नील फ्लेमिंग यांनी कॉलीन मिल्स यांच्यासह १९९२ साली केली. विद्यार्थ्याने स्वतःच्या सवयींवर विचार करावा, एवढाच त्यांचा मूळ हेतू होता. पुढे आवडीचे निदान झाले आणि निदानाचा शिक्का. २००४ साली ब्रिटनमध्ये अशा ७१ मांडण्यांची नोंद करून त्यांतील प्रमुख मांडण्यांचा आढावा घेतला गेला, तेव्हा त्या प्रमुख मांडण्यांपैकी बहुतेकांचा पाया कच्चा असल्याचे दिसले. २००८ साली हॅरोल्ड पॅशलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमकी कसोटी मांडली. 'पाहणाऱ्या'ला दाखवून आणि 'ऐकणाऱ्या'ला ऐकवून शिकविल्याने दोघेही खरोखर अधिक शिकतात काय? असा पुरेसा पुरावा त्यांना सापडला नाही. खरे म्हणजे शिकविण्याची रीत विषय ठरवितो. नकाशा सर्वांनीच पाहावा लागतो, उच्चार सर्वांनीच ऐकावा लागतो.

परंतु आपल्या समाजात हा प्रश्न केवळ मानसशास्त्राचा राहत नाही. माणसाच्या अंगी जन्मतःच काही कल असतो आणि त्या कलाप्रमाणे त्याला काम द्यावे, हा युक्तिवाद आपल्याला नवा नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये चातुर्वर्ण्याबरोबर प्लेटोचे वर्गीकरणही तपासले. माणसे मोजक्या खणांत मावत नाहीत, प्रत्येक व्यक्ती वेगळी असते, हा त्यांचा आक्षेप होता. मद्रास राज्यात १९५३ साली राजगोपालाचारींच्या सरकारने ग्रामीण प्राथमिक शाळांत अर्धा वेळ वर्ग आणि उरलेल्या वेळेत घरचा धंदा अशी योजना आणली. द्रविड चळवळीने तिच्यातील जात ओळखली. १९५४ साली ती योजना गुंडाळावी लागली. हाताने शिकणाऱ्यांची वेगळी रांग लावताना हा इतिहास विसरून कसे चालेल?

म्हणजे वर्गातील भिन्नता खोटी आहे, असे मी म्हणत नाही. मी तालुक्याच्या गावी अर्थशास्त्र शिकवितो. माझ्या वर्गातील एक मुलगी प्रश्नावलीनुसार 'ऐकून शिकणारी' निघाली. विचारल्यावर कळले की तिच्याजवळ पुस्तकच नव्हते. ऐकण्यावाचून दुसरा मार्गच नव्हता. ग्रंथालयातून तिच्या नावावर पुस्तक काढून दिले. महिन्याभरात ती वर्गात परिच्छेद वाचून त्याच्यावर शंका विचारू लागली. तिच्या शेजारचा मुलगा दिवाळीनंतर दिसेनासा होतो, कारण घरचे ऊसतोडीला जातात आणि तोही त्यांच्याबरोबर फडात असतो. ह्या गैरहजेरीला कोणती शैली म्हणायचे?

कर्ज आणि व्याज शिकविताना मी पुस्तकी व्याख्येपूर्वी मुकादमाच्या उचलीचा हिशेब फळ्यावर मांडला. एका कोयत्याची उचल किती, हंगामात फिटते किती, उरलेली पुढच्या वर्षावर कशी चढते, हे मागच्या बाकावरच्या मुलांनीच मला सांगितले. त्यानंतर तीच मुले पुस्तकातील व्याख्येला भिडली. मी त्यांच्यासाठी पुस्तक वगळले नाही, पुस्तकापर्यंतची वाट बदलली. ह्यात माझ्या दृष्टीने मोठा फरक आहे.

महात्मा फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे मागणी केली, ती शेतकरी वर्गातून आलेल्या, नांगर धरण्यास न लाजणाऱ्या शिक्षकांची. शेतकऱ्याच्या मुलाला कमी वाचायला द्या, असे ते म्हणाले नाहीत. बदलायचे होते ते शिक्षकाला. अंध विद्यार्थ्याला ब्रेल लागते, बोली बोलणाऱ्याला प्रमाणभाषेपर्यंत पूल लागतो. ह्या गरजा आहेत, हक्क आहेत. त्यांना आवड म्हटले की व्यवस्थेची जबाबदारी संपते.

ती प्रश्नावली मी कोरीच परत केली. मागच्या बाजूला माझे चार प्रश्न लिहून दिले. तुझ्याजवळ पुस्तक आहे काय? घरी अभ्यासाला जागा आहे काय? हंगामात तू कुठे असतोस? वर्गातील कोणता शब्द तुला कळत नाही? उत्तर अजून आलेले नाही. माझ्या वर्गात मात्र दरवर्षी पहिल्या आठवड्यात मी हे प्रश्न विचारतो आणि त्यांच्या उत्तरांवरून माझ्या तासाची आखणी करतो.