बिनचौकटीचं पान

‘भीमायन’च्या पानावर कोण विखारी बोलतंय हे कळायला अक्षरं वाचावीच लागत नाहीत. त्या शब्दांभोवतीच्या फुग्याला विंचवाची नांगी असते. मायेनं बोलणाऱ्यांचे आणि सोसणाऱ्यांचे शब्द पक्ष्याच्या आकारात येतात. कुणी मनातल्या मनात बोलत असेल, तर त्या आकाराला एक डोळा असतो, मनाचा डोळा. चित्रकथेतला संवादाचा फुगा म्हणजे एरवी एक तयार साचा, अक्षरं ठेवायची जागा, एवढंच. भोपाळच्या दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या परधान गोंड दांपत्यानं तो साचा मोडला आणि त्याला जीव दिला. बोलण्याला प्राण्याचं रूप आलं की ते डसतं किंवा उडतं. नुसतं पानावर पडून राहत नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या आयुष्यातल्या अस्पृश्यतेच्या अनुभवांवरचं हे इंग्रजी पुस्तक दिल्लीच्या ‘नवयान’नं २०११ मध्ये काढलं. संहिता श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांची, प्रस्तावना जॉन बर्जर यांची. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या बाबासाहेबांच्या आठवणींचा त्याला आधार आहे. पाणी, निवारा आणि प्रवास असे त्याचे तीन भाग. मराठी वाचकाला हे प्रसंग परके नाहीत. १९०१ साली साताऱ्याहून वडिलांना भेटायला गोरेगावकडे निघालेली मुलं मसूर स्टेशनवर उतरतात. नवे कपडे, नव्या टोप्या, आणि जात कळताच मागे सरकलेला स्टेशनमास्तर. दुप्पट भाडं मोजूनही गाडी मुलांनीच हाकायची, गाडीवान पायी चालणार, आणि रात्रभर कुठे घोटभर पाणी नाही. १९१७ मध्ये परदेशातून शिकून आलेल्या माणसाला बडोद्यात राहायला खोली मिळत नाही. पारशी विश्रामगृहातून बाहेर काढल्यावर तो कामाठी बागेत बसून राहतो. १९३४ मध्ये दौलताबादच्या किल्ल्याशी हातपाय धुतले म्हणून टाकं बाटल्याची ओरड होते.

या साऱ्या प्रसंगांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे : शिवायचं नाही. भांड्याला नाही, पाण्याला नाही, माणसाला नाही. आणि ती सांगायला आली ती मुळात बोटांच्या स्पर्शातून जन्मलेली कला. माझ्या मते ‘भीमायन’चं सगळं सामर्थ्य या गाठीत आहे. ज्या जगात प्रत्येक गोष्ट दुसरीला शिवलेली आहे, अशा जगाच्या रेघांनी न शिवण्याची कहाणी काढली गेली.

मंडला जिल्ह्यातल्या बुरबासपूरच्या दुर्गाबाई लहानपणी घरातल्या बायकांकडून डिग्ना शिकल्या. लग्नाकार्यात, सणावारी शेणमातीनं सारवलेल्या जमिनीवर आणि भिंतीवर पांढरी छुई माती, गेरू, पिवळी माती यांनी बायका भौमितिक नक्षी काढतात, ती डिग्ना. कागद, ब्रश, कॅनव्हास ही साधनं त्यानंतर आली. सुभाष व्याम आधी मातीत आणि लाकडात काम करणारे. आकाराचं वजन त्यांना हातानं ठाऊक. भोपाळमध्ये त्यांच्यासाठी वाट आखून ठेवली होती जनगढसिंह श्याम यांनी. पाटनगढचा हा तरुण १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला भारत भवनाच्या शोधपथकाच्या नजरेस पडला. चार्ल्स कोरिया यांनी मोठ्या तलावाच्या उतारावर बांधलेलं भारत भवन १९८२ मध्ये खुलं झालं, आणि तिथल्या रूपंकर संग्रहालयात जगदीश स्वामिनाथन यांनी आदिवासी कलावंतांचं काम शहरी आधुनिक चित्रकारांच्या शेजारी, त्याच मानानं मांडलं. जनगढ यांचा २००१ मध्ये जपानमध्ये मृत्यू झाला. पण त्यांच्या मागून भोपाळला आलेल्या नातलगांनी आणि गाववाल्यांनी त्यांची शैली इतकी वाढवली की आज तिला ‘जनगढ कलम’ म्हणतात. सुभाष हे जनगढ यांच्या पत्नी ननकुसिया यांचे भाऊ. म्हणजे ही शाळा मुळात एक घर होती.

चित्रकथा काढा असं सांगितल्यावर व्याम दांपत्यानं पहिल्यांदा नाकारली ती चौकट. आपली माणसं डब्यात कोंडणार नाही, ती गुदमरतात. आमची कला मोकळी आहे, तिच्यात सगळ्यांना श्वास घ्यायला जागा हवी, अशी त्यांची भूमिका. हा निर्णय केवळ सौंदर्याचा नव्हता, असं मला ठामपणे वाटतं. बाबासाहेबांचं आयुष्य आखून दिलेल्या जागांविरुद्ध लढण्यात गेलं : वर्गात वेगळं गोणपाट, गावाबाहेर वेगळी वस्ती, वेगळा पाणवठा. ते आयुष्य पुन्हा चौकोनांत भरणं हा त्या कहाणीशी द्रोह झाला असता. ‘भीमायन’मध्ये पानाचे भाग पडतात ते डिग्नाच्या वळणदार पट्ट्यांनी. नक्षीच वाहत जाते आणि दोन प्रसंगांमध्ये बांध घालते. तो बांध ओलांडता येतो. एका प्रसंगातलं झाड दुसऱ्यात डोकावतं, एखादा चेहरा पट्टीवर रेलतो. वाचकाला डावीकडून उजवीकडे मुकाट चालता येत नाही. नजर फिरते, थांबते, मागे येते.

मग वस्तू प्राणी होऊ लागतात. आगगाडी साप होते. किल्ला हिंस्र श्वापद होतो. रस्ता मोराची लांब मान होतो. पाण्याच्या पंपाचा दांडा हत्तीची सोंड होतो. याला कल्पनेची लहर म्हणून सोडून देणं सोपं आहे, पण जरा थांबून पाहावं. पंपाचा दांडा लोखंडाचा राहिला असता, तर पाणी नाकारणं ही एक व्यवस्था वाटली असती, नियम वाटला असता. तो सोंड झाला की पाणी हे कुणाच्या मालकीचं उपकरण उरत नाही. ते जिवाचं जिवाला देणं होतं. तिथे ‘तू दूर हो’ म्हणणारा माणूस निसर्गाच्या बाहेर पडलेला दिसतो. प्राणी, झाड, दगड सगळे एकमेकांच्या रूपात शिरू शकतात, आणि फक्त माणसानं माणसाला वेगळं काढलंय. एवढा मोठा युक्तिवाद शब्दाविना उभा राहतो.

पुस्तकातलं मला सर्वांत मोलाचं वाटणारं चित्र महाडचं आहे. २० मार्च १९२७, चवदार तळं. बाबासाहेब बोलत आहेत, समोर लोक आहेत. आणि ध्वनिवर्धकांच्या कर्ण्यांतून पाणी शिंपडलं जातंय, झारीतून यावं तसं. भाषण लोकांवर बरसतंय. चवदार तळ्याचं चित्र म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर ओंजळ येते. पुतळ्यांनी, कॅलेंडरांनी, भित्तिचित्रांनी ती आपल्या मनात पक्की केली आहे. व्याम यांनी ओंजळीच्या आधीचा क्षण पकडला. पाणी तळ्यातून घेण्याआधी ते शब्दातून मिळालं, तहान आहे हे म्हणण्याचं बळ आधी मिळालं. महाडच्या सत्याग्रहाबद्दल पुष्कळ वाचलेल्यालाही हे चित्र काही नवं सांगतं.

आता जरा जवळ जाऊन रेघ पाहू. जनगढ कलमेतल्या प्रत्येक चित्रकाराचं भरणकाम वेगळं असतं. आकृतीची बाह्यरेषा काढून झाली की आतली जागा बारीक आडव्या-तिरप्या रेघांनी, ठिपक्यांनी, साखळ्यांनी, अर्धचंद्रांनी विणून काढायची, आणि ती वीण ज्याची त्याची असते. जाणकार सहीआधी वीण पाहतो. यंत्रानं छापलेल्या उशांवर आणि पिशव्यांवर आज ‘गोंड’ म्हणून जे विकलं जातं, त्यात मोर असतो, हरणाच्या शिंगांतून फुटलेलं झाड असतं, पण ही वीण मेलेली असते. एका अंतरावर, एका जाडीनं मारलेल्या रेघा. हाताची रेघ किंचित थरथरते, वळणावर दाटते, दमते. ‘भीमायन’ छापील पुस्तक असूनही त्यातला सदरा, साडी, बैलाची पाठ, झाडाचा बुंधा सगळं त्या जिवंत रेघेनं भरलेलं आहे. माणसाच्या अंगावर आणि झाडाच्या अंगावर सारखीच मेहनत. कुणालाच कमी रेघा नाहीत.

याच दुर्गाबाईंनी भज्जू श्याम आणि रामसिंह उर्वेती यांच्यासोबत चेन्नईच्या ‘तारा बुक्स’साठी केलेलं झाडांचं पुस्तक, ‘द नाइट लाइफ ऑफ ट्रीज’, काळ्या हातकागदावर हातानं स्क्रीन-छपाई केलेलं आहे. ते हाताळताना शाईचा थर बोटाला लागतो. देखणेपणात ते ‘भीमायन’च्या पुढे आहे, हे मान्य करायला हवं. पण तिथली झाडं कलावंतांच्या घरचीच होती. ‘भीमायन’मध्ये त्यांना सूट-बूट, आगगाडी, वर्तमानपत्र, बसथांबा आपल्या लिपीत आणावा लागला, आणि तिथे त्या लिपीची ताकद कळते.

सगळं पुस्तक एका उंचीवर नाही. आरक्षणावरून सुरू होणारा आजच्या काळातल्या दोन माणसांचा संवाद कथेला बांधून ठेवतो, पण तिथे शब्द फार होतात आणि चित्र बाजूला उभं राहून ऐकत बसतं. अत्याचाराच्या अलीकडच्या बातम्या मधे येतात, त्या आवश्यकच आहेत; १९०१ ची तहान संपलेली नाही हे सांगायलाच हवं. तरी जिथे मजकूर कमी, तिथे पुस्तक जास्त बोलतं.

परधान हे मूळचे गोंडांचे गाथाकार. यजमानाच्या दारी जाऊन बाना वाजवायचा आणि बडा देवाच्या, राजांच्या, कुळांच्या कथा गायच्या, हे त्यांचं पिढीजात काम. आपल्याकडे यवतमाळ, चंद्रपूर, गडचिरोलीच्या बाजूला परधान आहेत आणि त्यांची किंगरीही आहे. त्याच विदर्भात, त्याच महाराष्ट्रात आंबेडकरी जलशांनी आणि वामनदादा कर्डकांसारख्या कवींनी भीमकथा गावोगाव गाऊन पोचवली. व्याम दांपत्याचं काम या दोन्ही परंपरांच्या मधे बसतं. वाद्य गेलं, हातात कलम आली, पण कुळाची कथा सांगण्याचा परधानी धर्म तसाच राहिला; फक्त कूळ विस्तारलं. त्या कुळात आता महूला जन्मलेला, साताऱ्यात शिकलेला एक मुलगा आला.

दुर्गाबाईंना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. त्याहून मला महत्त्वाची वाटते ती या पुस्तकाची श्रेयावली. आदिवासी कलावंताचं नाव पुष्कळदा ‘चित्रे’ या शब्दापुढे बारीक टायपात, नाहीतर नुसतं ‘लोकशैलीतील चित्रे’ असं निनावी येतं. इथे दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम ही दोन नावं लेखकांच्या आधी आहेत, आणि पुस्तक वाचून झाल्यावर तो क्रम योग्यच वाटतो.